शेजारच्या मशीनवरच्या सुमनबाई

इथं जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमस्कार. राहुलभाऊ, सुजातावहिनी, आणि बिडकीनच्या माझ्या वडीलधाऱ्या मंडळींनो.

मला माईकवर बोलायची सवय नाय. राहुलभाऊंनी दोनदा सांगितलं, दोनदा मी नको म्हणालो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "गेली तीन वर्षं आईजवळ सगळ्यात जास्त तुम्हीच बसलात." मग मला नाय म्हणता येईना.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नसतील. मी गणेश, चितेगावचा. तिथंच एका कंपनीत फिटर होतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. तुम्हाला सुमनबाई माहीत आहेत त्या अंगणवाडीच्या बाई म्हणून. इथं बसलेल्या कितीतरी जणांची नाकं त्यांनी पुसली असतील. मला त्या माहीत आहेत शेजारच्या मशीनवरच्या म्हणून. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी आठ ते बारा. त्यांची खाट खिडकीकडं, माझी भिंतीकडं.

डायलिसिस ज्यांनी बघितलं नाय त्यांना सांगतो. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. चार तास तो हात हलवायचा नाय. उठायचं नाय. आणि चार तास झाले म्हणजे सुटलो असंही नाय. परवा पुन्हा. पाणी मापात प्यायचं, जीव कितीही सुकला तरी. कुणाच्या लग्नाला जायचं तर दुसऱ्या दिवशी परत. मला वाटायचं, जेलातल्या माणसाला निदान सुटायची तारीख तरी असते. आपल्याला कुठली तारीख?

पहिला महिना मी कुणाशी बोललो नाय. छताकडं बघत पडायचो. एक दिवस तोंडातून निघून गेलं, "सगळं संपलं."

शेजारून आवाज आला, "सगळं? काय काय संपलं, सांग बरं."

मी रागानं बघितलं. चष्मा लावलेल्या, निळ्या साडीतल्या बाई. हातात सुया, आणि माझ्याकडं अशा बघतायत जसं काय मी शाळेत पाटी विसरून आलोय.

"नोकरी संपली," मी म्हणलं.

"बरं. अजून?"

"रानात काम होत नाय आता."

"बरं. अजून?"

"अजून काय पाहिजे?"

"लेकरं?"

"एक पोरगी. दहावीला आहे."

"तिचा बाप संपला का?"

मी मान हलवली, नाय म्हणून.

"मग सगळं म्हणू नको. दोन गोष्टी संपल्या म्हण. त्यासुद्धा लई मोठ्या आहेत, मी नाय कुठं म्हणते? पण दोन आहेत."

मग म्हणाल्या, "माझ्याकडची पोरं रडत यायची. बाई, मला कुणीच खेळायला घेत नाय. मी म्हणायचे, कुणीच? नावं सांग. रडत रडत दोन नावं सांगायची, आणि परत खेळायला पळायची."

मी काय पोर नव्हतो. मी पळालो नाय. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी छताकडं न बघता खिडकीकडं बघितलं.

बाई लई साध्या-भोळ्या होत्या असं मी म्हणणार नाय. खोटं बोलायच्या. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायच्या, काट्यावर वजन वाढलेलं निघायचं. सिस्टर विचारायच्या, "सुमनबाई, तीन किलो?" बाई म्हणायच्या, "साडी जाड आहे." अख्खा वॉर्ड हसायचा. टीव्हीवरच्या बातम्या बघून शिव्या द्यायच्या. आंबट खायला बंदी होती, तरी पदराला चिंच बांधून आणायच्या. सुजातावहिनी, तुम्हाला हे आज कळतंय, माफ करा.

आता जे सांगायचंय ते मी घरात सोडून कुणाला सांगितलं नाय.

गेल्या वर्षीची गोष्ट. बुधवार होता. मी सकाळी बसनं निघालो, शहरात क्रांती चौकात उतरलो, आणि दवाखान्याकडं गेलोच नाय. तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. आठ वाजले. साडेआठ वाजले. गाड्या चालल्या होत्या, माणसं चालली होती. मी ठरवलं होतं, आज जायचं नाय. आज नाय आणि परवाही नाय. त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं.

फोन वाजला. बाई. एक हात मशीनला, दुसऱ्या हातात फोन.

"कुठं आहेस?"

"क्रांती चौकात."

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाय. म्हणाल्या, "डोक्यात काय चाललंय? जसंच्या तसं सांग. चांगलं करून सांगू नको."

मी सांगितलं. "मी घरच्यांना ओझं झालोय."

"कुणी म्हणलं?"

"कुणी नाय म्हणलं."

"मग तुला कसं कळलं?"

"दिसतंय ना, बाई. सहा महिने झाले, बायको सकाळी माझ्यासमोर थांबत नाय. मी उठलो की आत जाते. तोंड चुकवते."

"ती आत जाते, हे तू बघितलंस. ओझं झालास, हे तू बघितलंस का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारलंस तिला?"

"नाय."

"मग आज विचार. आणि विचारायला जिवंत लागतं माणूस. ये इकडं. मी सिस्टरला सांगितलंय, गणेशची बस बिघडलीय."

मी गेलो. एक तास उशिरा. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय, डोळे मिटून पडल्या होत्या. पण सुया लागल्यावर म्हणाल्या, "आलास."

त्या दिवशी घरी जाऊन मी विचारलं. बायको रडायला लागली. म्हणाली, "तुम्ही उठला की मी आत जाते, कारण मला पाणी प्यायचं असतं. तुम्हाला घोटभर मिळतं, तुमच्यासमोर तांब्या तोंडाला कसा लावू?"

सहा महिने. सहा महिने ती दाराआड पाणी पीत होती, आणि मी त्याचा अर्थ लावून पायरीवर मरायला बसलो होतो.

शुक्रवारी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लई गुणाची आहे रे." एवढंच. "बघ, मी सांगितलं होतं ना," असलं काही म्हणाल्या नाय.

पण मंडळी, विचार बदलला की सगळं सुटतं, असं सांगायला मी इथं आलो नाय. बाईंनाही ते आवडलं नसतं. शेवटच्या महिन्यात त्यांच्या हाताची नस बंद पडली. मानेत नळी टाकली. ताप यायचा. एका सोमवारी त्या मला म्हणाल्या, "गणेश, मला मरायची भीती वाटतीय."

मी शहाणा झालो होतो ना? मी म्हणलं, "कुणी सांगितलं बाई, मरणार म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या नाय. म्हणाल्या, "हा विचार खोटा नाय रे. खोटा असता तर मीच पुसला असता. खरा आहे. खऱ्याला बदलायचं नसतं. जवळ बसायचं फक्त."

मला त्यांचा हात धरायचा होता. आमच्या दोन खाटांमधी चार हाताचं अंतर. मी सुयांना बांधलेला, त्या नळीला बांधलेल्या. सिस्टरला म्हणलं, खाट सरकवा. त्या म्हणाल्या, मशीनची नळी तिथपर्यंत पुरत नाय. मग मी नुसता बोलत राहिलो. आमच्या रानातल्या विहिरीचं सांगितलं, पोरीच्या परीक्षेचं सांगितलं. काय काय बोललो आठवत नाय. बाई डोळे मिटून व्हय, व्हय म्हणत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी, संध्याकाळी, त्या घरीच वारल्या.

सोमवारी सकाळी मला सुया लागल्या आणि राहुलभाऊंचा फोन आला. अकरा वाजता अंत्यविधी. मी सिस्टरला म्हणलं, मला सोडा. हातापाया पडलो. त्या म्हणाल्या, "अंगात पाणी लई साठलंय, गणेशभाऊ. आत्ता सोडलं तर बिडकीनला पोहोचायच्या आधी दम लागेल." शेजारच्या खाटेवर नवीन माणूस होता. मशीन रिकामं ठेवता येत नाय, लोक नंबर लावून बसलेले असतात. अकरा वाजले. तुम्ही बाईंना खांदा देत होता, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

राहुलभाऊ, मी आलो नाय. ते मला कायम लागणार आहे. तुमच्या आईनं शिकवलेलं सगळं लावून बघितलं, पण ते खोटं नाय. म्हणून मी ते बदलायच्या मागं लागलो नाय. बारा वाजता सुया निघेपर्यंत त्याच्याजवळ बसलो. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

उद्या सोमवार आहे. सकाळच्या बसनं मला जायचंय. जायची इच्छा नाय, हे खरं आहे. मी जाणार आहे, हेही खरं आहे. आमच्या मंडळी मागं बसल्यात, त्यांनी हे ऐकलंय, त्यामुळं आता मला बदलताही येणार नाय.

बाई, त्या दिवशी खाट सरकली नाय. आज तुमच्या फोटोपर्यंत माझा हात पोहोचतोय. हे फूल घ्या. गणेशचा जय भीम.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत राहू या.