गॅस सोडायचा राहिलाय

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही सगळे शोकसभेला आलात. वैशालीताईंच्या वडलांना, अण्णांना लई आधार वाटला असंल. मला बोलायला उभं केलंय. पण खरं सांगतो, माझा एक पाय दाराबाहेर आहे. रागावू नका. का ते सांगतो.

गारखेड्याच्या पलीकडं आमचं बांधकामाच्या ब्लॉकचं शेड आहे. ताई इंजिनिअर, मी भागीदार. ताईंना एकच टोचणी. शहर वाढतंय, इमारती उठतायत, आणि भिंतींवर पाणी मारायला टँकर येतायत. इथं माणसाला प्यायला पाणी नाही! मग त्यांनी हलके, सच्छिद्र ब्लॉक केले. कन्नडकडच्या एका कारखान्याच्या धुराड्यात पकडलेला कार्बनचा गॅस सिलिंडरमधून आणायचा. बंद खोलीत ब्लॉक रचायचे, गॅस सोडायचा. तो आत शिरतो, सिमेंटशी मिळतो अन् दगड होऊन बसतो. पुन्हा हवेत जात नाही, अन् ब्लॉकवर पाणीही मारावं लागत नाही.

मी म्हणलो, "ताई, धुरानं कुठं भिंत पक्की होते व्हय?"

म्हणाल्या, "होते, दादा. जरा दम धरा."

दम धरणं मला कधी जमलं नाही. आज तर नाहीच.

शिवाजी मिस्त्री, तुम्ही मागं बसलाय. तुमची गोष्ट सांगतो, चालंल ना? कडक दुष्काळ होता. कोरडा ब्लॉक दिसला की गवंड्याचा हात शिवशिवतो. मिस्त्रींनी घरच्या वाटणीचं पाणी आणलं आणि मायेनं ब्लॉकवर मारलं. एका वेळचा सगळा घाणा वाया! छिद्रं पाण्यानं भरली, गॅस शिरणार कुठून? ताई आधी कडाडल्या. मग पाणी कुठलं ते कळलं. संध्याकाळी स्वतःच्या घरची भरली घागर मिस्त्रींच्या दारात ठेवून आल्या. अशी बाई! अशी बाई आता कुठं शोधायची?

परवा त्यांनी स्वतः नवा घाणा रचला. जाताना म्हणाल्या, "दादा, उद्या गॅस सोडू." उद्या उजाडला. ताई झोपेतून उठल्याच नाहीत.

तेव्हापासून शेडला कुलूप आहे. दुखवट्यात काम बंद, ही आपली रीत. पण ब्लॉकला रीत कळत नाही हो. आत्ता ते ना ओले, ना वाळलेले. आज गॅस मिळाला तर धरतील. तेराव्यापर्यंत थांबलो तर ताईंच्या हातचं शेवटचं काम भुसभुशीत होईल. माझा जीव तिथं अडकलाय. अण्णा, लेक तुमची. तुम्हीच सांगा, कुलूप उघडू का?

...अण्णांनी किल्ली पुढं केलीय, मंडळी. खिशातच घेऊन बसले होते.

मिस्त्री, तुम्हीपण चला. फक्त पाणी आणू नका.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं ताईंसाठी गप्प राहू, मग निघू. ताई, तुम्ही उद्या म्हणाला होता. एक दिवस उशीर झाला. येतोच आहे.