बिघाड तोंडात, इलाज मानेवर

...आणि मला सांगा, बिघाड तोंडात आणि इलाज मानेवर? असतं का असं कुठं? पण तुम्हाला सांगतो, आमच्या दादाचं तेच झालं! दादा न्हावी. न्हाव्याची कात्री एक वेळ बोथट चालेल हो, जीभ बोथट कशी चालेल? आणि मेंदूला झटका आला तो नेमका बोलण्यावर. हात शाबूत, कात्री झकास चालतेय, पण "काय, आज जरा..." म्हणायचा आणि गाडी तिथंच! गिऱ्हाईक आरशात बघत बसायचं, जरा काय? अहो जरा काय?... आणि वस्तरा कानापाशी! माणसं यायची बंद झाली, दुकानाला कुलूप लागायची पाळी आली.

मग गाठली डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेपाशी लहान मेंदू असतो. तो पुढचा शब्द आधीच हेरून ठेवतो. त्याला हलका करंट देऊ आणि तेव्हाच वाक्यं पुरी करून घेऊ." म्हणजे पुन्हा तेच, बिघाड तोंडात, इलाज मानेवर! लावली मशीनची पट्टी मानेवर, बाईंनी सुरू केलं, "कुलूप उघडायला लागते..."

"किल्ली!" वहिनी.

"पायात घालतात..."

"चप्पल! अहो, त्यांना येतं सगळं, बोलत नाहीत एवढंच!"

लग्नापासून हेच हो! वाक्य दादानं काढायचं, वहिनीनं संपवायचं. करंट दादाला, तरतरी वहिनीला! शेवटी बाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, वर ताकीद, घरीसुद्धा मधे बोलायचं नाही. वहिनीनं ओठ असे मिटले, जणू टाके घातलेत.

आणि हळूहळू दादाचं गाडं सरकलं की! परवा चहा पुढ्यात आला. दादा म्हणाला, "चहात साखर..." इतकी वर्षं इथं वहिनी म्हणायची, "दोन चमचे, माहितीये मला!" आज गप्प. डोळ्यांत पाणी. दादा घाम पुसतोय, आम्ही श्वास रोखलेला...

"साखर... नको. मला... कधीच... आवडली नाही."

वहिनीचा चमचा साखरेच्या डब्यातच राहिला!

आता दुकान भरलंय, दादा थांबता थांबत नाही, वहिनीच्या स्वयंपाकापासून तिच्या भावापर्यंत, अर्धवट राहिलेलं एकेक वाक्य पुरं करत सुटलाय. बिघाड तोंडात, इलाज मानेवर... झाला ना इलाज! आणि वहिनी? काल एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आली, "ते मशीन उलटं चालवता येतं का हो?"