दोन नंबरचा छर्रा

…आणि वर मलाच विचारतात, "काय रे डेल्टन, मिरच्या फार तिखट होत्या का?" अहो, मिरच्यांचं काय घेऊन बसलात! मिरचीचं काही चुकलं नव्हतं! मिरची आपल्या जागी बरोबर होती, चीज बरोबर होतं, वरचं बेकन तर असं कुरकुरीत झालं होतं की… जाऊ द्या. चुकला तो हा माणूस. तुमच्यासमोर उभा आहे तो. वय त्रेचाळीस, उंची सहा फूट दोन इंच, आणि तुम्हाला सांगतो, एवढी उंची असून गावात मान वर करायची सोय राहिलेली नाही. पोस्टात जातो, तर तिथली बाई तिकिटं देता देता कोंबडीसारखी मान हलवते. तिकिटं घेतो आणि निघतो.

आता आमचं वेसेलका म्हणजे टेक्सासच्या नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं गाव. पण एक सप्टेंबरला बघा! त्या दिवशी होल्यांची, म्हणजे त्या कबुतरासारख्या छोट्या पक्ष्यांची, शिकार खुली होते. सकाळी झाडून सगळे शेतात, आणि संध्याकाळी झाडून सगळे चर्चच्या हॉलमध्ये, प्रत्येकाच्या हातात ताट, ताटात भरल्या मिरच्या आणि ताटावर नावाची चिठ्ठी. कृती काय, लहान मूल करील. जाडजूड हालापेन्यो मिरची पोटातून चिरायची, बिया काढायच्या, चीज भरायचं, वर होल्याच्या छातीचा तुकडा – तो असतो केवढा, अंगठ्याएवढा – मग बेकनची पट्टी गुंडाळायची, काडी टोचायची आणि निखाऱ्यावर ठेवायची. झालं! पण त्यात आजचा, स्वतः मारलेला पक्षी पाहिजे. आणि तो स्वतः मारलाय हे ओळखायचं कसं? तर खाताना कुणाच्या दाताखाली बंदुकीचा छर्रा आला, की त्याने उठून उभं राहायचं, छर्रा पत्र्याच्या ताटलीत टाकायचा – टिंग! – आणि म्हणायचं, "पक्षी खरा!" की सगळा हॉल ओरडणार, "पक्षी खरा!" ज्याच्या मिरचीतून टिंग होत नाही ना, त्याला कुणी काही बोलत नाही. नुसतं बघतात. ते बघणं फार वाईट.

आता आमचे सासरे. आलोइस हावेलका, वय एक्याऐंशी. खोटं म्हणून बोलायचं नाही. डॉमिनो खेळताना चुकून तुमच्या सोंगट्या दिसल्या, तर "दिसल्या बरं का मला" म्हणून जिंकत आलेला डाव मोडणारा माणूस! असल्या माणसाचा जावई असणं म्हणजे काय, ते जावयालाच विचारा. तर ऑगस्टमध्ये हे सासरे एका रविवारी आमच्या दारात उभे. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाले, "जावईबापू, ही माझ्या बापाची बंदूक. माझे हात थरथरतात आता. या एक तारखेला तू चालव. हॉलमध्ये ही कधी रिकाम्या हाताने आलेली नाही, एवढं लक्षात ठेव. जमलं, तर तुझीच."

तुझीच! माझ्या बायकोला, जोलीनला, भाऊ नाही, कळलं ना? म्हणजे ती बंदूक मुलाला जायची, ती मला. अठरा वर्षं त्या घरात जावई होतो मी, त्या दिवशी पहिल्यांदा, तेही माझ्याच घरात, खुर्ची सरकवून मला म्हणाले, "बस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत… आणि मी 'खोटं नाही सांगत' म्हटलं की हल्ली लोक हसतात, हसा.

एक तारीख उजाडली. बंदूक घेतली, काडतुसांच्या दोन पेट्या घेतल्या, पंचवीस अधिक पंचवीस, पन्नास. कुत्री घेतली. तळ्याकाठी बसलो. आणि होले आले! पण होला उडतो कसा, पाहिलंय का कधी? सरळ येतो, येतो, आता टप्प्यात आला म्हणेपर्यंत काहीतरी घरी विसरल्यासारखा डावीकडे वळतो! धाड! गेला. धाड! तोही गेला. एक तर माझ्या डोक्यावरच्या तारेवर येऊन बसला. बसलेल्या पक्ष्यावर बंदूक चालवायची नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून मी त्याला हात जोडले, म्हटलं, "उड रे बाबा." तो उडाला. मी दोन झाडल्या. तो एक गिरकी मारून परत तिथेच येऊन बसला! दहा वाजता कुत्री उठली आणि गाडीच्या खिडकीतून आत उडी मारून झोपली. अकरा वाजता पन्नासावं काडतूस संपलं. पक्षी किती? शून्य. एक पीससुद्धा नाही!

बरं, परत येताना रस्ता सासऱ्यांच्या ओसरीसमोरूनच जातो. ते बसलेलेच. सकाळपासून आवाज ऐकत! मला बघून उठले, काठी न घेता उठले हो, "पन्नास! जावईबापू, पन्नास मोजले मी! पंधराच्या वर मारायला बंदी आहे, पण पंधरा तर झालेच असतील? काय? झाले ना?"

मी सांगणार होतो. शपथ. तोंड उघडलं होतं मी 'नाही' म्हणायला… आणि त्यातून 'हो' बाहेर पडलं.

त्यांनी टोपी काढली. छातीशी धरली. म्हणाले, "आज माझा बाप असायला हवा होता." आता सांगा, यानंतर कोणत्या तोंडाने सांगायचं, की थांबा पप्पा, टोपी घाला, एकही लागलेला नाही? मी म्हटलं, "पक्षी साफ करायचेत, निघतो."

निघालो तो थेट पलीकडच्या गावात. आपल्या गावातला खाटीक ओळखतो ना! तिथून कोंबडीच्या मांड्या आणल्या. आता कोंबडी गोरीपान आणि होल्याचं मांस काळसर. मग काय करायचं? तुकडे केले आणि काळ्या कॉफीत बुडवून ठेवले. तीन तास! माणूस एकदा घसरायला लागला ना, की बुद्धी कशी भराभर चालते बघा. हीच सकाळी चालली असती तर! मिरच्या चिरल्या, बिया काढल्या आणि त्याच हाताने डोळा चोळला. आई गं! तेवढ्यात जोलीन आत.

"रडतोयस?"

"मिरची लागली."

"लागलीच पाहिजे. कोंबडी कॉफीत कशाला पोहतेय?"

सांगितलं सगळं. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आत्ताच्या आत्ता पप्पांकडे जा आणि सांग."

"उद्या सांगतो."

"उद्या? तोवर कोंबडी त्यांच्या पोटात असेल, डेल्टन!"

बायकोचं ऐकावं हो माणसाने. पण नाही. मला आठवलं, छर्रा! टिंग झालं पाहिजे! छर्रा आणायचा कुठून? होल्याची पन्नासच्या पन्नास काडतुसं मी आकाशाला अर्पण करून आलेलो. खणात मिळालं एक, बदकाचं. आता आमच्याकडे छर्र्यांना नंबर असतात. नंबर मोठा तसा छर्रा बारीक. होल्याला आठ नंबर, मोहरीएवढा. बदकाला दोन नंबर, मिरीएवढा, आणि वर पोलादी. हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी येतं. मलाही येतं! पण मी म्हटलं, चीजमध्ये कोण बघतंय? काडतूस फोडलं आणि तीन मिरच्यांत एकेक छर्रा दाबला. खोटं बोललो होतो तोवर ठीक होतं, आता मी त्याला पुरावा जोडला!

संध्याकाळी हॉल गच्च. माझ्या ताटावर चिठ्ठी, सासऱ्यांच्या अक्षरात: 'हावेलकांची बंदूक.' माझं नाव नाही, बरं का, बंदुकीचं! आणि मिरच्या अशा उडाल्या म्हणता! फादर कासिमिर तर माझ्या ताटाजवळून हलेनात, अकरा खाल्ल्या त्या माणसाने. "डेल्टन, होला इतका मऊ लागतो हे मला या वयात कळलं." कळणारच, फादर! मिरचीचं काही चुकलंच नव्हतं!

सासऱ्यांनी आपली पहिली उचलली. बेताने चावली. कट्ट! अख्ख्या टेबलाने ऐकलं. त्यांनी तो छर्रा काढला, रुमालाला पुसला, चष्मा लावला, उजेडात धरला. दोन बोटांत फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ते जरा वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "जावईबापू, हा दोन नंबरचा आहे."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. जमीन दुभंगावी असं म्हणतात ना, मी अक्षरशः खालची फरशी न्याहाळत होतो.

आणि हॉल तर थांबलेला! कट्ट झालं म्हणजे आता टिंग होणार. सगळ्यांच्या माना आमच्याकडे. म्हातारा उठला. टेबलाला धरून उठला. छर्रा ताटलीत टाकला… टिंग कसलं, ठण्ण! लोकांनी बघायच्या आत ताटलीवर टोपी झाकली, आणि म्हणाले, "पक्षी खरा. माझ्या बापाच्या बंदुकीचा."

"पक्षी खरा!" हॉल दणाणला. बाकं वाजवली लोकांनी. सासरे खाली बसले. दुसऱ्या मिरचीला हात लावला नाही. पाणी पीत राहिले, घोट घोट. तुम्हाला सांगतो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. तो माणूस, जिंकलेला डाव मोडणारा, माझ्यासाठी खोटं बोलला, आणि तेसुद्धा बापाचं नाव घेऊन!

मला सहन होईना. मी उठलो, सोडतीसाठी माईक लावला होता तो ओढला आणि म्हटलं, "ऐका! पक्षी खरा नाही! कोंबडी आहे! पन्नास झाडल्या, एकही लागला नाही! छर्रेही मीच घातले!"

फादर बारावी मिरची तोंडाशी धरून थांबले. "कोंबडी?"

"हो, फादर."

"मांडीची?"

"हो."

त्यांनी मिरचीकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि खाल्ली. मला कसं हलकं वाटलं! म्हटलं, सुटलो. आता सासरे उठतील, पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, शाब्बास, खरं बोललास. वळलो. सासरे उठलेलेच होते. लालबुंद!

"अरे गाढवा! एक्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो मी! चर्चच्या हॉलमध्ये! अख्ख्या गावासमोर! तुझ्यासाठी! पाच मिनिटं तरी टिकू द्यायचं होतंस!"

…आता माझ्याकडे कोण बघतंय? सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचे डॉमिनोवाले दोस्त, साठ वर्षांचे दोस्त, तेही. तेच ते बघणं! माझी अब्रू गेली, ती जायचीच होती. पण खरं बोलून मी त्यांची घालवली हो! खोटं बोललो तेव्हा एकाला फसवलं, खरं बोललो तर दुसऱ्याला बुडवलं, आणि दोन्ही वेळा सासरेच! त्यांनी टोपी उचलली, ताटलीतला छर्रा खिशात टाकला आणि जोलीनचा हात धरून निघून गेले. मी मागे ताटं गोळा करत बसलो. माझं एकट्याचंच ताट चाटूनपुसून रिकामं. उरलेले दोन छर्रे कुणाच्या पोटात गेले, देव जाणे. सांगितलं ना, मिरचीचं काही चुकलं नव्हतं.

आठवडाभर बोलणं बंद. बंदूक माझ्या कपाटात. रोज वाटायचं, आज मागायला येतील, उद्या येतील. शनिवारी दुपारी पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये गेलो, तर रांगेत माझ्या पुढे कोण? सासरे! मी हळूच म्हटलं, "पप्पा, बंदूक आणून देऊ का परत?"

मागे वळले नाहीत. "राहू दे तुझ्याकडेच. पुढच्या वर्षी मी शेजारी बसणार आहे. तू कुठे बघतोस तेच बघायचंय मला."

शेजारी बसणार! ठरवलं, आता आत जायचं आणि सगळं, अगदी सगळं सांगून मोकळं व्हायचं. फादरच्या पायावर डोकं ठेवायचं. सासरे आत गेले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस! एका खोट्याला वीस मिनिटं? शेवटी बाहेर आले, टोपी घातली, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"जा आत. पण बोलू नकोस काही. तुझंही मीच सांगून आलोय. तू बोलायला लागलास की आणखी एखादा अडकतो."

काय करणार? आत गेलो, पाच मिनिटं गुडघ्यांवर गप्प बसलो आणि आलो परत.