आधी फोन कोरा करतो

नाही, थांबा, हातात नका घेऊ अजून. राग मानू नका ताई, पण फोन अजून माझा आहे. पुसून झाला की तुमचा. जाहिरात माझ्या मुलीने टाकली, श्रेयाने — 'उत्तम स्थितीत, एकाच माणसाने वापरलेला' — पण तो माणूस बातमीदार आहे हे नाही लिहिलं तिने. एकतीस वर्षं झाली. चिंतामणीचा फोन आला म्हटलं की अजून दोन-चार साहेबांच्या घशात घास अडकतो. तर अशा माणसाचा फोन म्हणजे काय, नुसती काच आणि बॅटरी? ह्यात माणसं आहेत, ताई. माझ्यावर विश्वास टाकून ज्यांनी मला कागद दिले ती माणसं. एकाची तर अख्खी पेन्शन आहे ह्यात. नाव बाहेर पडलं की चौकशी, आणि चौकशी लागली की पेन्शन लटकली. म्हणून म्हटलं, तुमच्यासमोर पुसतो, मग न्या. बसा. ती रद्दी सरकवा. पिशवी ठेवा ना खाली — नको? बरं, मांडीवर तर मांडीवर, पण त्यातलं ते खाकी पाकीट चुरगळतंय बघा. शैला, दोन चहा टाक ग. रे रोडहून आल्यात ह्या, मेघनाताई, फोन घ्यायला. तीन जिने चढून.

आता तुम्ही म्हणाल, हा एवढा मोठा बातमीदार, मग पेपरात नाव का दिसत नाही हल्ली. दिसतं. नवव्या पानावर, खाली, कोपऱ्यात. 'उपयुक्त माहिती.' आमचे संपादक उन्मेष — माझ्या हाताखाली शिकला, 'मृत्यू' कसा लिहायचा ते मला विचारायचा — तो मला म्हणतो, चिंतामणीसाहेब, आता धावपळ नको, तुम्ही लोकांच्या कामाचं लिहा. लोकांच्या कामाचं म्हणजे काय? कुकरची शिट्टी कशी साफ करावी. गेल्या आठवड्यात काय दिलं माहितेय — 'जुना फोन विकताना घ्यायची काळजी.' मी. ज्याने मंत्र्याला पत्रकार परिषदेतून मागच्या दाराने पळायला लावलं, तो मी लोकांना सांगतोय की सिम काढायला विसरू नका. पण लिहिलं. आणि चांगलं लिहिलं, कारण मला दुसरं काही जमत नाही. हे बघा कात्रण. मी त्याच्याच बरहुकूम चाललोय. सिम — काढलं. मेमरी कार्ड — काढलं, हे इथे, शर्टाच्या खिशात. बँकेचं अ‍ॅप — उडवलं. पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर आकडे लिहिले होते, स्क्रीन उघडायचे, तीही खरवडून काढली. हसू नका. विसरायला होतं.

पुढचं काय — हां. आधी अकाउंटमधून बाहेर पडायचं आणि मग पुसायचं. उलट केलं तर पुसलेला फोन तुम्हाला माझाच पासवर्ड विचारत बसतो, आणि तुम्ही बसा रे रोडला मला शिव्या घालत. हे नव्याण्णव टक्के लोकांना माहीत नाही, मी दुसऱ्याच परिच्छेदात घातलंय. तर पासवर्ड — एक मिनिट — शैला, पासवर्ड काय ग तो? नाही, तो विजेच्या बिलाचा. श्रेयाच्या जन्मतारखेचा. पुढे काय? मोठ्याने बोल, कुकर वाजतोय. आधी माझं नाव मग तारीख? आणि मोठा एस कुठे? हां, मधे. आलं. तुम्ही ऐकलं नाही असं समजा. तसा मी तो बदलणारच आहे. आज-उद्या.

फोटो काल पाहिले, सगळे. चार हजार. त्यातले तीन हजार सुप्रभात. गुलाब, दवबिंदू, कुणीतरी हात जोडलेले. उरलेल्यात माझा अंगठा. आणि केस काळे केले त्या दिवशीचा माझा एक, तो कुणी पाहिला नाही, तुम्हीही विचारू नका. कामाचे होते साठ-सत्तर, कागदांचे फोटो, ते कार्डावर घेतले. चहा घ्या, निवेल. घ्या हो, साखर कमीच घालते ती.

आता मुख्य काम. नंबर. श्रेया म्हणते, बाबा, नंबर आपोआप वर जातात आणि नव्या फोनात आपोआप उतरतात. वर म्हणजे कुठे? कुणाच्या घरी? मी म्हटलं, माझी माणसं मी कुठल्या परक्याच्या कपाटात ठेवणार नाही, वहीत उतरवीन. ही बघा वही — बघा म्हणजे बघू नका. कारण फोनात कुणाचंही खरं नाव नाही, ताई. एकाचंही नाही. फोन हरवला, पोलिसांनी नेला, कुणी खेचला, काही मिळणार नाही त्यांना. सगळी टोपणनावं. खरं नाव फक्त इथे, डोक्यात. आणि आता वहीत, कारण डोकं एकसष्टचं झालं. शेवटची पाचच राहिलीत, उतरवतो आणि मग पुसतो. माझी एक खोड आहे, मोठ्याने म्हटल्याशिवाय मला लिहिता येत नाही. आमच्या वेळी बातमी फोनवरून सांगायची असायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि पलीकडे बाबुराव उतरवून घ्यायचा. जरा पुटपुटलं की खेकसायचा, तोंडात काय आहे तुझ्या. ती सवय गेली नाही. तुम्ही तिकडे खिडकीतून बघा थोडा वेळ.

'गवळी' — शीवचे ते निवृत्त फौजदार. झालं. 'जाईबाई' — ह्या बाई नव्हेत बरं का, हे एक उपसचिव, मिशीवाले. सकाळी सहाला फोन करायचे, बायको उठायच्या आत. त्यांच्या. आणि इकडे माझी उठलेली असायची, ती बघायची स्क्रीनवर रोज जाईबाई. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मी सांगितलं का तिला? नाही सांगितलं. संसार पणाला लावला पण नाव नाही सांगितलं. शेवटी त्या उपसचिवांनीच तिला फोनवर सांगितलं की मी पुरुष आहे. 'गॅस सिलिंडर' — हे वारले. राहू दे तरीही. 'इस्त्री खरा' — हा खरा इस्त्रीवाला, खालचा. आणि ही — 'इस्त्री'.

ह्या दोघांत एकदा घोटाळा झाला होता. मी खालच्याला फोन लावून विचारलं, किती नग निघाले, सही कुणाची आहे. तो म्हणाला, साहेब, तीन शर्ट, वहिनींची एक साडी, सही कशाला पाहिजे. हसलात. पहिल्यांदा हसलात तुम्ही आल्यापासून.

कोण 'इस्त्री'? नाही ताई. ते नाही. तुम्ही सहज विचारलंत, मला कळतंय, पण एकतीस वर्षांत एका माणसाला माझ्या तोंडून नाव मिळालेलं नाही. संपादकाला नाही, कोर्टाला नाही. एवढंच सांगतो की बाकांची बातमी आठवत असेल तुम्हाला — परळ-लालबागच्या पोरांना अभ्यासाला जागा नाही म्हणून एका महामंडळाने अभ्यासिका काढल्या, आणि बाकं घेतली, कागदावर सागवान. उद्घाटनाला पाहुणे बाकावर बसले आणि खालीच गेले. भुसा दाबून केलेली फळी, वर पॉलिश. सगळ्यांनी फोटो छापला, हसले आणि विसरले. मी नाही विसरलो. मी छापली माल उतरवून घेतल्याची पावती, तिच्यावर गोदामाच्या माणसाने स्वच्छ लिहिलं होतं, 'लाकूड नाही, भुसा आहे, घेऊ नये.' आणि वरून साहेबाचा शेरा, 'घ्यावे.' दोन माणसं घरी बसली त्या पावतीने. ती मला मिळाली कुठून? 'इस्त्री'कडून.

गोदामातलेच का? मी कुठे म्हटलं गोदामातले? बरं, असतील, गोदामात चाळीस माणसं आहेत, त्यातले कुठले ते कुणाला कळणार आहे. डाव्या हाताने लिहिणारे एकच आहेत, म्हणून तर ती पावती मी पुन्हा टाइप करून छापली — बघा, इतकी काळजी घेतो. अक्षर जरी दिसलं असतं तरी संपले असते. साधा माणूस हो. नायगावला चाळीत राहतात, दर चौदा एप्रिलला जेवायला बोलावतात, जेवून निघताना हळूच म्हणतात, अमुक फाइल मागवा माहितीच्या अधिकारात, तमुक तारखेची. मुलीला वकील केलं, त्या गोदामातल्या पगारावर. एक कप चहा माझ्याकडून कधी बाहेर प्यायले नाहीत, कुणी बघेल म्हणून. आणि आता ह्याच एकतीसला रिटायर होतायत. बारा दिवस राहिले. ह्या बारा दिवसांत कुणाच्या कानावर गेलं तर — म्हणून तर एवढा खटाटोप. म्हणून तर नवा फोन.

माझं काय होणार, ते वेगळं. ते गेले की माझं दुकान बंद. कोण देणार मला कागद, कुकरच्या शिट्टीवाल्याला? पण ते म्हणाले — मागच्या महिन्यात, नायगावच्या बस स्टॉपवर, माझ्याकडे न बघता — म्हणाले, काळजी करू नका, माझ्या मागे एक जण आहे, मोठं घबाड आहे हाताशी, पण घाबरतंय. मी पाठवतो तुमच्याकडे, पण माणूस बघूनच ठरवेल. तीन आठवडे झाले, ताई. दाराची कडी वाजली की मी उठतो. दोनदा कुरियर होतं, एकदा सोसायटीची वर्गणी. आज तुम्ही वाजवलीत तेव्हाही मला क्षणभर वाटलं होतं — असो. तुम्ही फोनसाठी आलात. एकच कागद, ताई, एकच धड कागद मिळाला ना, तर ह्या उन्मेषच्या टेबलावर नेऊन आपटतो आणि सांगतो, घे तुझी उपयुक्त माहिती.

चला. उतरवून टाकतो. 'इस्त्री' — नऊ, आठ, दोन — कोंडीराम — शून्य, चार —

हे तुम्ही ऐकलं नाहीत. मुंबईत पाचशे कोंडीराम असतील. हजार असतील. बरं, वही मिटली, आणि हे दाबलं — 'सर्व माहिती पुसा' — विचारतोय, नक्की का? नक्की. पुन्हा विचारतोय. अरे नक्की, आमच्या तर छपाईलाही दोनदा विचारत नाहीत. हां, सुरू झालं. पाच-सात मिनिटं. तुम्ही उठलात का? बॅटरी बघायची असेल ना, पण एकदाही विचारलं नाहीत तुम्ही, किती वर्षं वापरला, कुठे पडला का, काहीच नाही. लोक केवढी घासाघीस करतात. तुम्ही बाई नुसत्या मांडीवर ती पिशवी घेऊन —

काय म्हणालात?

कोंडीरामकाका. काका म्हणता तुम्ही त्यांना.

म्हणजे तुम्ही त्याच गोदामात. त्यांच्यासमोरच्या टेबलावर. आणि जाहिरात त्यांनीच दाखवली तुम्हाला — जा, फोन बघायला म्हणून जा, अर्धा तास बस, माणूस बघ, पटलं तर दे. असं म्हणाले. त्यांच्यासारखंच बोलले. आणि हे पाकीट — नाही, बसा ना. बसा. ऐका माझं. मी कोर्टात उभा राहिलोय, साडेतीन तास, वकील विचारून विचारून घामाघूम झाला, एक अक्षर नाही बोललो. विचारा कुणालाही. ती परीक्षा होती, मला माहीत होतं परीक्षा आहे. इथे मला काय माहीत? इथे घरी आहे मी, तुम्ही फोन घ्यायला आलेल्या, चहा ठेवलेला — तुमच्याशी बोललो म्हणजे काय बाहेर बोललो का मी? तेव्हा तुम्ही कोण होतात, एक अनोळखी — हो. तेच. तेच म्हणताय तुम्ही. कळलं मला.

पाकीट आत नका घालू. बरं, घाला. पण काकांना एवढं सांगा, नाही, सांगू नका, बारा दिवस शांतपणे जाऊ दे त्यांचे. वही मी जाळतो, आत्ता जाळतो, गॅसवर. तुमचं नाव तर कुठेच येणार नाही, मेघनाताई, तुमची शपथ — मेघना नाही का? खरं नाव नाही सांगितलंत. बरोबर केलंत. तुम्ही शिकलात त्यांच्याकडून. मलाच — असो. जिन्याला डावीकडून उतरा, दुसऱ्या मजल्यावर लाद्या उखडल्यात. फोन? राहू दे, दुसरं गिऱ्हाईक येईल. पुसला जातोय बघा. होतच आलंय. झाला. कोरा. 'नमस्कार' म्हणतोय मला, भाषा निवडा म्हणतोय. एवढी वर्षं वापरला, ओळखत नाही.

ताई?

शैला, कप उचल ग इथला. भरलेलाच आहे. गेल्या त्या. मी? मी काय बोलणार? काही बोललो नाही मी.