दगडातला खांदा

पितरांच्या शनिवारी, मृतांसाठी मेणबत्त्या लावायच्या दिवशी, कबरस्तानाच्या दाराशी मेणबत्त्यांसाठी रांग लागली होती. मृतांच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं सांभाळत उभ्या असलेल्या मिलुंकाला पुढच्या मायलेकांचं भांडण नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

“थडग्याच्या दगडावर कोरलेला तो बाप्या कोण, नेबोयशा?”

“आई, बाबाच आहेत ते. हळू बोल.”

“का हळू? तुझ्या बापाचा डावा खांदा उतरलेला होता. हा तर बँडवाल्यासारखा ताठ उभाय!”

“एक रेघ सरळ केली, त्याचं एवढं काय?”

“त्या रेघेवरून मी त्याला धुक्यातसुद्धा लांबून ओळखायची! आणि गालातला खड्डा कुठे गेला?”

“कारागिराने तिथे जरा उजेड दिलाय.”

“उजेड म्हणे! काळ्या दगडावर टोचे मारले की पांढरं उमटतं. सावली हवी तिथे दगडाला हात लावायचा नसतो, एवढंही कळत नाही? आता ते काळं परत आणशील कुठून? आणि शेजारी माझी जागा ठेवलीय. मी काय परक्या पुरुषाशेजारी झोपू?”

“जन्मभर वाकलेला माणूस मेल्यावर तरी ताठ दिसावा, आई.”

“वाकला कुणापायी? तुला शहरात शिकवायला खाणीत ओझी वाहिली त्याने!”

“माहितेय मला! म्हणूनच तो खांदा बघवत नव्हता!”

रांग पुढे सरकली. मिलुंका जागची हलली नाही.

“मग तू डोळे मिटून घ्यायचेस, मेल्या. त्याचा खांदा कशाला पुसलास?”