नदीपलीकडची सोयरीक

हसणार नसाल तर सांगतो. आपल्या वसईच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी. सोयरीक या दोघींच्या मधेच करायची, हा माझा नियम.

नातीने मुलगा शोधला भाईंदरचा.

मी म्हटलं, "खाडीपलीकडे मुलगी देणार नाही."

"आजोबा, नायगाव सोडलं की पूल, पूल संपला की त्याचं घर."

"पूल सरकारने बांधलाय. मला विचारून नाही."

नात रडायला लागली. आमची ही वाल सोलत होती. तिचं माहेर सफाळ्याचं, वैतरणेपलीकडचं. म्हणाली, "माझे बाबाही हेच म्हणायचे. नदीपलीकडे द्यायची नाही. मी ऐकलं नाही."

"मग काय झालं, आजी?"

"काय व्हायचं? समोर बसलंय."

आता नियम बरोबर म्हणावा, तर माझंच लग्न चुकीचं ठरत होतं.

रविवारी साखरपुडा आहे. भाईंदरला. सगळ्यांनी यायचं.