पुलावरून झालेला सत्कार

तुमाले सांगतो, नाग नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याची लहान होडी, चालवायची वाट मंजूर करून घ्यायची, म्हणून महापालिकेच्या साहेबाले होडीत घेऊन पाण्यात उतरलो अन् तेव्हा आठवलं, हार-नारळ आणायचं राहूनच गेलं! साहेब सत्काराचे भारी शौकीन. तोंड फुगवून बसले.

पुलाखाली पोचतो, तर वरून एका काकूनं निर्माल्याची पिशवी फेकली. ती हवेतच सुटली. झेंडूचा हार साहेबाच्या खांद्यावर, अन् नारळ त्यांच्या कानाजवळून धप्पकन पाण्यात!

"अवं माय! नदीत माणसं काय करून राहिले?" काकू वरून ओरडली.

मी मनात म्हटलं, गेली मंजुरी.

साहेबानं तो हार नीट गळ्यात घातला. म्हणाले, "वाट मंजूर. फक्त नारळ हातात देत जा गा."